विश्लेषण : अंबादेवीच्या दारापासून देवस्थानाच्या तिजोरीपर्यंत… पंजाबराव देशमुखांची समतेची लढाई नेमकी काय होती?

अमरावतीकरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख म्हणजे श्री शिवाजी शिक्षण संस्था. अकोलेकरांसाठी ते कृषी विद्यापीठाच्या कमानीवरचे नाव. दिल्लीच्या नोंदींत ते दहा वर्षे कृषी खाते सांभाळणारे मंत्री आहेत, तर गेल्या दोन-तीन वर्षांत मराठा-कुणबी आरक्षणाच्या वादात त्यांचे नाव अचानक प्रत्येक सभेत ऐकू येऊ लागले. वऱ्हाडात आजही भाऊसाहेब म्हटले की वेगळी ओळख द्यावी लागत नाही. तरीही त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात शेतीपासून झाली नव्हती. ती झाली एका मंदिराच्या बंद दाराशी.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला ती तारीख १ डिसेंबर १९५५. तिथून सुरू झालेल्या नागरी हक्कांच्या लढ्याची माहिती आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही असते. त्याच्या २८ वर्षे आधी अमरावतीत अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची तयारी झाली होती, हे मात्र अमरावतीतही अनेकांना ठाऊक नसते. त्या तयारीत नुकताच विलायतेहून परतलेला २८ वर्षांचा एक वकील पुढे होता. बंद दार उघडल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याने नंतर आयुष्यभर धरून ठेवला.

पापळ ते ऑक्सफर्ड : हा प्रवास कसा झाला?

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुख हे वतनामुळे आलेले. घर कुणबी शेतकऱ्याचे. त्या काळचा वऱ्हाड कापसावर चालत होता. निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला हा मुलूख इंग्रजांनी १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला होता आणि कारभार नागपुरातून चालायचा. कापसाचा पैसा बाजारपेठेत दिसायचा, शेतकऱ्याच्या घरात मात्र सावकाराची वही असायची.

पापळला वरचे वर्ग नव्हते. म्हणून चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल असे गाव बदलत शिक्षण झाले. त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० मध्ये थेट इंग्लंड. वडिलांनी शेती गहाण ठेवून मुलाला बोटीवर बसवले. एडिंबरा विद्यापीठातून एम.ए., ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट आणि सोबत बॅरिस्टरीची सनद, असा सहा वर्षांचा हिशेब होता.

डॉक्टरेटचा विषय मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा तो विषय. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने हा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध केला. ज्या समाजाला वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही यावर महाराष्ट्रात एक पिढीभर भांडण चालले होते, त्या समाजातला मुलगा मूळ संस्कृत वाचून वेदांवर इंग्रजीत प्रबंध लिहून आला. धर्मशास्त्राचा हवाला देऊन त्यांना गप्प करणे पुढे विरोधकांना अवघड गेले, त्याचे एक कारण इथे आहे.

१९२७ मध्ये अमरावतीत काय घडले?

पंजाबराव १९२६ मध्ये परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. पाठोपाठ त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, त्याचे नाव श्रद्धानंद छात्रालय. डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांच्या स्मरणार्थ हे नाव दिले होते. शिकायला शहरात आलेल्या मुलाला आधी राहायला जागा लागते, आणि जागा जातीवर मिळते, हा अनुभव खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला होता. वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहणार आणि एका पंगतीत जेवणार, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास अंबादेवी मंदिराचा प्रश्न पुढे आला. अंबादेवी हे अमरावतीचे ग्रामदैवत. नवरात्रात सारा वऱ्हाड तिथे लोटतो. या गर्दीतून अस्पृश्यांना वगळलेले होते. मंदिर सर्व हिंदूंचे असेल तर आम्हाला का नाही, हा सवाल विदर्भातील दलित कार्यकर्ते आधीपासून विचारत होते. अमरावतीचे गणेश आक्काजी गवई आणि नागपूरचे किसन फागोजी बनसोडे यांच्या पिढीने विदर्भात या जागृतीची जमीन तयार केली होती. पंजाबराव या लढ्यात आले ते सवर्ण बाजूने सोबत करणारे म्हणून. लढ्याचे मूळ श्रेय त्यांच्या खात्यावर टाकण्याची सवय अलीकडच्या भाषणांत दिसते, ती बरोबर नाही. त्यांचे मोल वेगळ्या कारणाने आहे. ज्यांना मंदिर उघडेच होते, अशांपैकी एकाने उघडपणे बाजू घेतली आणि त्याची किंमत मोजली.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले होते आणि दुसऱ्या महाड परिषदेला जेमतेम सहा आठवडे उरले होते. म्हणजे अमरावतीची परिषद महाडच्या दोन घटनांच्या मधोमध बसते. परिषद सुरू असतानाच बाबासाहेबांना त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी कळली. तरीही काम थांबले नाही. परिषदेला पंजाबराव हजर होते.

परिषदेसमोरचा मुख्य प्रश्न होता अंबादेवीच्या सत्याग्रहाचा. विश्वस्त आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी, त्यात टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे मोठे नाव, यांच्याशी बोलणी झाली. वेळ मागून घेण्यात आला आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. ब्रिटिशांविरुद्ध स्वराज्याची भाषा बोलणारी पिढी देवळाच्या उंबऱ्यावर येऊन अडखळली, असे याचे वर्णन करता येईल. पंजाबरावांवर मात्र सनातनी मंडळींचा रोष आला तो कायमचा.

त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. आंतरजातीय हिंदू विवाहांना सरसकट वैधता देणारा कायदा १९४९ चा, म्हणजे त्यानंतर २२ वर्षांनी आलेला. अमेरिकेत तर गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उठवली. विमलाबाई पुढे सार्वजनिक कामात पतीच्या बरोबरीने उतरल्या आणि पंजाबरावांच्या निधनानंतर राज्यसभेवर गेल्या.

अमेरिकेशी तुलना कुठे जुळते, कुठे तुटते?

जुळते ते असे. दोन्हीकडे भांडण सार्वजनिक जागेवर होते. बस, उपाहारगृह, शाळा तिकडे; पाणवठा, मंदिर, शाळा इकडे. दोन्हीकडे हक्क मागणाऱ्यांनी हात न उगारता शरीर पुढे केले. विरोधकांचे उत्तरही सारखेच होते : आमची हरकत नाही, पण घाई नको.

तुटते ते कायद्यापाशी. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ पासून चौदावी दुरुस्ती होती. कायद्याचे समान संरक्षण हे शब्द कागदावर होते, फक्त १८९६ च्या निकालाने त्यांना वेगळे पण समान असा फाटा फोडला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांपुरता तो फाटा बंद केला आणि चळवळीला आधार मिळाला. १९२७ च्या वऱ्हाडात असे एकही कलम नव्हते. समोर होती ती रूढी. महाडच्या तळ्याचा दावासुद्धा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. तोही समतेच्या तत्त्वावर सुटला नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून सुटला. ज्या देशात हक्काचे कलमच नाही, तिथे सत्याग्रहीने कशावर बोट ठेवायचे? पंजाबरावांचे पुढचे सगळे काम या अडचणीतून समजते. त्यांनी कायदा करणाऱ्या आणि पैसा वाटणाऱ्या संस्थांत शिरायचे ठरवले.

मंदिरप्रवेशाचा कायदा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात १९४७ मध्ये झाला. अस्पृश्यता पाळणे हा देशभर दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा, म्हणजे माँटगोमेरीच्याच वर्षीचा.

जिल्हा कौन्सिलच्या विहिरींचे प्रकरण काय?

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेची ही आधीची आवृत्ती. मंदिर विश्वस्तांच्या ताब्यात होते, पण सार्वजनिक विहिरी कौन्सिलच्या होत्या. जिथे निर्णय आपल्या हातात आहे तिथे तरी तो घ्यायचा, या हिशेबाने त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि त्यासाठी करवाढ करण्याची तयारी दाखवली. कर वाढवून निवडणूक जिंकता येत नाही हे तेव्हाही सगळ्यांना कळत होते.

विहीर उघडण्याचा ठराव करणे आणि गावात ती खरोखर उघडी राहणे यांत अंतर असते. उन्हाळ्यात पाणी आटले की ठरावाचा कागद कोणी पाहत नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले केले होते, तरी महाडला सत्याग्रह करावा लागलाच. अमरावतीच्या ठरावाचे महत्त्व असे की, तो गावापासून दूर मुंबईत बसलेल्या सभागृहाने केलेला नव्हता. शाळामास्तरची बदली, रस्त्याचा खडी-मुरूम आणि दवाखान्याची मंजुरी ज्यांच्या हातात, त्याच संस्थेचा तो होता. पाटील-देशमुखांना या संस्थेशी रोजचे काम पडायचे.

देवस्थानाच्या पैशांचे विधेयक इतके वादग्रस्त का ठरले?

पंजाबराव १९३० मध्ये प्रांतिक कायदेमंडळात निवडून आले आणि शिक्षण, कृषी आदी खात्यांचे मंत्री झाले. तेव्हा द्विदल राज्यपद्धती होती. शिक्षण, शेती, सहकार ही सोपीव खाती भारतीय मंत्र्यांकडे. पोलीस, महसूल आणि मुख्य म्हणजे वित्त ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाच्या मुठीत. शाळा काढायचा अधिकार एकाकडे आणि शाळेचा पैसा दुसऱ्याकडे. त्यातच जागतिक मंदी, कापसाचे भाव कोसळलेले, प्रांताची तिजोरी कोरडी.

मग पैसा आहे कुठे? पंजाबरावांचे उत्तर होते : देवळात. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांच्या जमिनी, दागिने, देणग्या यांचा हिशेब ठेवला जावा, पूजाअर्चेचा खर्च भागल्यावर उरणारे उत्पन्न शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाला लावावे, हा त्याचा गाभा होता. हा विचार अगदी जगावेगळा नव्हता. मद्रास प्रांताने १९२५ मध्येच देवस्थानांवर सरकारी देखरेखीचा कायदा केला होता. पण तिथे भर गैरव्यवहार रोखण्यावर होता. इथे भर होता पैसा समाजाकडे वळवण्यावर.

पाच वर्षांपूर्वीच्या अंबादेवीच्या प्रश्नाशी हे विधेयक जोडून पाहिले की त्याची धार लक्षात येते. मंदिरप्रवेशाची मागणी म्हणत होती, आम्हालाही दर्शन घेऊ द्या. दर्शन दिल्याने विश्वस्तांचे काही आर्थिक नुकसान होत नाही. उलट दानपेटीत भरच पडते. देवस्थान विधेयक मात्र विचारत होते की, पिढ्यान्‌पिढ्या कुणब्याने, तेल्याने, माळ्याने वाहिलेला पैसा नेमका कोण वापरतो आणि त्यांच्या पोरांना त्यातून शाळा का मिळत नाही. ओरड झाली ती दुसऱ्या प्रश्नावर जास्त झाली. धर्म बुडाला, असा गजर सभांतून आणि वृत्तपत्रांतून उठला. वेदांवर डॉक्टरेट केलेल्या माणसावर धर्मबुडवेपणाचा आरोप होणे, यातला विरोधाभास तेव्हाच्या वाचकांनाही जाणवला असणार.

विधेयकाचा कायदा झाला नाही. १९३३ मध्ये पंजाबरावांनी मंत्रिपद सोडले. त्या काळातला मध्यप्रांताचा कर्ज तडजोड कायदा, वऱ्हाडात ज्याला कर्जलवाद म्हणत, त्याच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा मानला जातो. या कायद्याने नेमलेली मंडळे सावकार आणि कुळाला समोरासमोर बसवून कर्जाचा आकडा खाली आणत आणि हप्ते बांधून देत. वऱ्हाडातल्या अनेक घरांची शेती त्यामुळे लिलावापासून वाचली.

शिक्षण संस्थेकडे वळण्यामागचे कारण काय?

देवस्थानांचा पैसा मिळाला नाही, सरकारचा पुरेसा नव्हता. उरला लोकवर्गणीचा मार्ग. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ मध्ये, म्हणजे देवस्थान विधेयकाच्याच वर्षी उभी राहिली. हा योगायोग समजणे कठीण आहे. १९४६ मध्ये अमरावतीत आणि १९५४ मध्ये अकोल्यात शिवाजी महाविद्यालय निघाले. नावात मराठा असलेल्या शाळेपासून सुरू झालेले काम सर्व बहुजनांसाठी उघडले गेले. रयत शिक्षण संस्थेने पश्चिम महाराष्ट्रात जे केले, ते काम विदर्भात या संस्थेने केले.

या काळात त्यांचे राजकारण मात्र सरळ रेषेत नव्हते. काँग्रेसबाहेर राहून त्यांनी बराच काळ काढला, काही वर्षे देवास संस्थानात मंत्री म्हणून घालवली आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते घटना समितीत पोहोचले.

घटना समितीत त्यांची भूमिका काय होती?

घटना समितीतले पंजाबराव आजच्या कुठल्याच एका खणात बसत नाहीत. शेतकरी आणि मागास जातींना सत्तेत आणि नोकऱ्यांत वाटा मिळावा यासाठी ते सतत दुरुस्त्या मांडत होते. सभागृहात वकील आणि शहरी सुशिक्षितांचा भरणा आहे, खेड्याचा आवाज नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या मसुद्यावर चर्चा चालली होती त्यावर १९३५ च्या ब्रिटिश कायद्याची छाप जास्त आहे, असेही त्यांचे मत होते.

दुसरीकडे, ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी मांडलेली दुरुस्ती अशी होती की, अन्य कुठल्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असला तरी, भारताचा नागरिक होऊ शकेल. धर्मावर आधारलेली ही तरतूद समितीने स्वीकारली नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या वादात, २०१९ नंतर, या दुरुस्तीचा अभ्यासकांनी पुन्हा उल्लेख केला. जातीच्या प्रश्नावर आपल्या काळाच्या पुढे असलेला माणूस फाळणीनंतरच्या वातावरणात धर्माच्या प्रश्नावर असा विचार करत होता, हेही त्यांच्या चरित्रात असायला हवे. गौरवग्रंथांत ते सहसा नसते.

कलम ३४० आणि ओबीसींशी त्यांचा संबंध कसा?

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी घटनेत याद्या होत्या, राखीव जागा होत्या. या दोन्हींबाहेरच्या मागास जातींसाठी, म्हणजे शेतकरी, कारागीर, बलुतेदार यांच्यासाठी काय, याचे उत्तर घटनेने पुढे ढकलले. कलम ३४० एवढेच सांगते की, राष्ट्रपती अशा वर्गांच्या स्थितीचा शोध घेण्यासाठी आयोग नेमू शकतील. नेमतील असे नाही, नेमू शकतील. पुढची चाळीस वर्षे या एका क्रियापदात अडकली.

२६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना लागू झाली त्याच दिवशी, अखिल भारतीय मागासवर्गीय महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष पंजाबराव. मागास जातींचा देशपातळीवर एकत्र दबाव तयार करण्याचा हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक. सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा कलम ३४० चा आयोग नेमला नाही हेही त्यांच्या नाराजीचे एक कारण होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि केंद्रात मंत्री झाले. आयोगासाठी एक नेता सरकारबाहेर पडला आणि दुसरा सरकारमध्ये शिरला.

जानेवारी १९५३ मध्ये काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मार्च १९५५ मध्ये अहवाल आला. त्यात २,३९९ जाती मागास आणि त्यातल्या ८३७ अतिमागास ठरवल्या होत्या. पण अहवालासोबत जोडलेल्या पत्रात खुद्द अध्यक्षांनीच जात हा निकष मानण्यास विरोध नोंदवला. अध्यक्षच अहवालाच्या विरुद्ध असल्यावर सरकारला निमित्त आयते मिळाले. १९६१ मध्ये केंद्राने देशव्यापी यादी न करण्याचा निर्णय घेतला आणि हा विषय राज्यांकडे सोपवला.

या सगळ्या काळात पंजाबराव केंद्रात मंत्री होते. त्यांनी मंत्रिपद पणाला का लावले नाही, हा प्रश्न त्यांच्याच महासंघातल्या काहींनी तेव्हा विचारला आणि संघटनेत फूट पडली. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, शेती हे त्यांनी समतेचेच काम मानले होते, आणि मागास जातींचा मोठा हिस्सा शेतीवरच जगत होता. तरीही १९३३ मध्ये खुर्ची सोडणारे पंजाबराव १९५५ नंतर खुर्चीवर राहिले, ही नोंद पुसता येत नाही.

कुणबी नोंदींच्या वादात त्यांचे नाव का येते?

सप्टेंबर २०२३ नंतर मनोज जरांगे पाटील यांच्या आंदोलनात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा विदर्भाचे उदाहरण पुढे आले. विदर्भातील बहुतेक शेतकरी कुटुंबांची नोंद कुणबी अशी आहे आणि त्यांना ओबीसी सवलती मिळतात. मराठवाड्यातल्या त्यांच्यासारख्याच कुटुंबांना त्या मिळत नाहीत. याचे श्रेय पंजाबरावांना दिले जाते. मराठ्यांनी कुणबी म्हणून नोंद करावी असे त्यांनी सांगितले आणि विदर्भाने ऐकले, असे सभांतून सांगितले जाते.

यात एक तपशील विसरला जातो. महाराष्ट्राची इतर मागासवर्गीयांची यादी १९६७ ची आहे. पंजाबराव १९६५ मध्येच गेले. म्हणजे यादीचा शासन निर्णय त्यांच्या हातून झालेला नाही. शिवाय वऱ्हाडातला शेतकरी ब्रिटिश काळातील जनगणनेत आणि महसुली कागदांत आधीपासूनच मोठ्या संख्येने कुणबी होता. पंजाबरावांनी जे केले ते असे की, शेतकरी जातींनी स्वतःला क्षत्रिय म्हणवून घेण्याची चढाओढ सुरू असताना त्यांनी मागासलेपण उघडपणे मांडून त्यावर हक्क मागायला सांगितले. प्रतिष्ठेच्या उतरंडीत वर सरकण्यापेक्षा शाळा आणि नोकरी महत्त्वाची, हा त्यातला व्यवहार होता. आज एकाच माणसाचा दाखला मराठा आंदोलक आणि ओबीसी नेते दोघेही देतात, त्यामागे हा इतिहास आहे.

दिल्लीतली दहा वर्षे आणि अमेरिकेचा धागा

कृषी खात्यात असताना भातलागवडीच्या जपानी पद्धतीची १९५३ ची मोहीम, १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना ही त्यांची ठळक कामे. कृषक समाजामागची कल्पना साधी होती. कामगारांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांचे चेंबर आहे, मग शेतकऱ्याचे देशपातळीवर काय?

याच समाजाने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथे आले होते. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९५७ मध्ये, लिटल रॉक येथील शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत पोहोचवण्यासाठी याच आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले होते. त्याच १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात महिनाभर फिरून गेले होते. अस्पृश्यांसाठी भारताने ठेवलेल्या राखीव जागांची त्यांनी माहिती घेतली आणि मायदेशी परतल्यावर तिचा दाखलाही दिला.

अमेरिकेतली चळवळ पुढच्या चार वर्षांत ज्या वळणावर पोहोचली, ते वळण अमरावतीच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहाच्या फळीवर जाऊन बसले. हा दाराचा प्रश्न होता. ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनवरचा मोर्चा मात्र नोकऱ्या आणि स्वातंत्र्य अशा दुहेरी नावाने निघाला होता, आणि नोकऱ्या हा शब्द आधी होता. फळीवर बसण्याचा हक्क मिळाला तरी तिथे खाण्यासाठी खिशात पैसे लागतात, हे तिथल्या नेत्यांनी तोवर ओळखले होते.

पंजाबराव १९६२ मध्ये तिसऱ्यांदा लोकसभेवर निवडून आले, पण मंत्रिमंडळात नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. महिनाभरापूर्वी सेल्मा येथील पुलावर काळ्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालल्या होत्या. मतदानाच्या हक्काचा अमेरिकी कायदा ऑगस्टमध्ये व्हायचा होता.

अकोल्याचे विद्यापीठ कसे आले?

राज्याचे कृषी विद्यापीठ कुठे असावे यावर साठच्या दशकात वाद पेटला. राहुरीचे नाव पुढे आल्यावर विदर्भात असंतोष उसळला आणि १९६७ च्या आंदोलनात प्रकरण पोलीस गोळीबारापर्यंत गेले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबरावांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झाले. वऱ्हाडात त्याला आजही नुसते पीडीकेव्ही म्हणतात. कापूस, तूर, ज्वारी यांच्या वाणांवरचे काम, बियाणे आणि दरवर्षीचे शिवारफेरीचे प्रदर्शन यासाठी शेतकरी तिथे जातात. त्यांचा जन्मदिवस, २७ डिसेंबर, आता तिथल्या प्रदर्शनांच्या आसपास येतो.

कालेलकर अहवाल बाजूला पडल्यावर कलम ३४० खालचा दुसरा आयोग १९७९ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष होते बिंदेश्वरी प्रसाद मंडल. अहवाल १९८० मध्ये आला आणि केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के जागांची अंमलबजावणी ऑगस्ट १९९० मध्ये जाहीर झाली. तेव्हा पंजाबरावांच्या महासंघाला ४० वर्षे झाली होती. देवस्थानांच्या उरलेल्या उत्पन्नाचे काय करायचे, हा १९३२ चा त्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.